बझर वाजतो, सेल्फ मात्र फिरत नाही

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग आणि डिजिटल मल्टिमीटर

या महिन्यात बरेच प्रश्न मल्टिमीटरबद्दल आले. गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी अनेक पत्रांत घोटाळा एकच दिसतो. करंट वाहत नसताना वायर तपासली जाते आणि ती 'ठीक' ठरते. गाडीतला दोष मात्र करंट वाहू लागला की मगच डोकं वर काढतो. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता 'टक्' करून थांबतो. बॅटरी नवी आहे, मीटरवर १२.७ व्होल्ट दाखवते. अर्थची केबल कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या रेंजवर) तपासली, बझर वाजतो आणि ०.३ ओहम दिसतात. सेल्फ खोलून दाखवला, तो बाकावर छान फिरतो. आता काय राहिलं? (फलटण)

केबल राहिली. तुम्ही तिला पास केलंत, पण तिची खरी परीक्षा झालेलीच नाही. बझर बहुतेक मीटरमध्ये तीस-पन्नास ओहमच्या आत काहीही असलं तरी वाजतो. आणि ते ०.३ ओहम बहुधा मीटरच्या स्वतःच्या पिनांचे आहेत. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा, तेवढेच दिसतील.

डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना सहज २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. केबलमध्ये किंवा लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खर्ची पडतात. ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसत नाही, २ व्होल्ट मात्र लख्ख दिसतात. म्हणून जाड केबल ओहमवर मोजायची नाही. सेल्फ मारत असताना तिच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते मोजायचं.

गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करण्याची दोरी ओढून ठेवलेली असू द्या. पेट्रोल गाडीत त्याऐवजी फ्युएल पंपाचा रिले काढतात. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. एका माणसाला चावी मारायला सांगा. एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

आधी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मोजा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीच दमली आहे, नवी असली तरी. ते ठीक असेल तर काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर लावून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग एक पिन पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. इथे ०.५ पर्यंत चालतं. पिन शिशाच्या खुंटीवरच टेकवा, तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नको. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला करडा थर हेच अनेकदा दुखणं असतं, आणि पिन क्लॅम्पवर ठेवली की ते मोजणीतून निसटतं.

तुमच्या गाडीत 'टक्' होऊन पुढे काहीच होत नाही, म्हणून आणखी एक मोजणी करा. सोलेनॉइडच्या (चावी मारली की सेल्फला जाड करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावून चावी मारा. 'टक्' झाल्यावर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. पूर्ण १२ व्होल्ट तसेच राहिले तर आतली तांब्याची चकती आणि कॉन्टॅक्ट झिजले आहेत. बाकावर कधी नीट बसतात, गाडीवर बसत नाहीत. सोलेनॉइडच्या बारीक वायरवरही चावी मारताना पाहा. बॅटरीपेक्षा ती एक व्होल्टाहून जास्त मागे असेल तर चावीचा स्विच किंवा क्लचचा सेफ्टी स्विच खाऊन टाकतो आहे.

अर्थच्या बाजूला जास्त व्होल्ट सापडले तर केबल बदलण्याआधी लग खोला. चेसिसवर रंग, गंज, चिखल यांच्यावरच लग आवळलेला असतो. धातू चकचकीत होईपर्यंत घासा. खुंट्यांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावायची.

प्रश्न : ट्रेलरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये १२ व्होल्ट येतात, नवा बल्ब लावला तरी पेटत नाही. (जालना)

बल्ब लावलेला असताना मोजा. मोकळ्या होल्डरवर मीटर नावालाही करंट ओढत नाही, त्यामुळे एका तुटक्या धाग्यावर लोंबकळणारी वायरसुद्धा १२ दाखवते. २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते मागितले की व्होल्टेज कोसळतं. बल्ब जोडून आधी होल्डरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. ट्रेलरमध्ये दोष बहुधा अर्थमध्येच निघतो, कारण अनेक ठिकाणी अर्थ जोडणीच्या हुकातूनच जातो आणि तिथे ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. वेगळी अर्थ वायर ओढा.

प्रश्न : कार तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. कुठेतरी करंट खातं आहे असं गॅरेजवाले म्हणतात. घरी मीटरने शोधता येईल का? मी एकदा प्रयत्न केला, तेव्हापासून मीटर अँपिअरमध्ये शून्यच दाखवतो. (नाशिक)

आधी मीटर. त्याचा आतला फ्यूज उडाला आहे. मिलीअँपिअरच्या खाचेला स्वस्त मीटरमध्ये बहुधा २०० मिलीअँपिअरचा काचेचा फ्यूज असतो. गाडीचा दरवाजा उघडला तरी त्याहून कितीतरी जास्त करंट जातो. चांगल्या मीटरमध्ये न खोलता तपासता येतं : लाल पिन व्होल्टच्या खाचेत, नॉब ओहमवर, आणि त्याच पिनेचं टोक करंटच्या खाचेत घाला. 'ओएल' (म्हणजे रेंजबाहेर, जोडणीच नाही) आलं म्हणजे फ्यूज गेला. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच जातीचा घाला. वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजच्या जागी काचेचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे पुढच्या चुकीला मीटर हातात फुटेल याची सोय करणं आहे. काही स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेला फ्यूजच नसतो, आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. असा मीटर या कामाला वापरू नका.

आता गाडी. लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत, नॉब डीसी १० अँपिअरवर. बोनेट उघडा, ड्रायव्हरची काच खाली ठेवा, दरवाजा उघडाच ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करा, म्हणजे गाडीला दरवाजा लागल्यासारखं वाटेल आणि फ्यूजबॉक्सपर्यंत हात पोचेल. बटनस्टार्ट गाडीची चावी घरात, लांब ठेवा.

निगेटिव्ह क्लॅम्प सरळ काढू नका. एक पिन निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी क्लॅम्पला, दोन्ही क्रोकोडाइल क्लिपने पकडा आणि मगच क्लॅम्प हळूच वर उचला. मधे क्षणभरही सर्किट तुटलं तर सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) पुन्हा जागे होतात आणि थांबण्याची वेळ पहिल्यापासून मोजावी लागते. मीटर जोडलेला असताना चावी लावायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही.

मग थांबा. तीस मिनिटं, काही गाड्यांत तासभर. सुरुवातीला एखादा अँपिअर दिसेल, मग टप्प्याटप्प्याने खाली येईल. अनेक जण इथेच घाई करतात आणि नसलेला दोष शोधत बसतात. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या आत स्थिरावलं तर गाडी निरोगी. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ५० मिलीअँपिअरवर रिकामी व्हायला २९ दिवस लागतात. तीच ४०० मिलीअँपिअरवर ८७ तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांत जाते. तुमचे तीन दिवस पाहता चारशेच्या आसपासच काहीतरी सापडेल. सापडलं नाही आणि वाचन ५० च्या आतच राहिलं, तर बॅटरीच थकलेली आहे.

करंट कुठे जातो हे पाहण्यासाठी फ्यूज उपटत बसू नका, त्यानेही कंट्रोलर जागे होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. करंट मोजायला लावलेला मीटर काढायचा असेल तर आधी क्लॅम्प परत खुंटीवर बसवा आणि गाडी पुन्हा झोपेपर्यंत थांबा. मग मीटर २०० मिलीव्होल्टवर ठेवून, लाल पिन व्होल्टच्या खाचेत परत आणून, दोन ठिपक्यांवर पिना टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. लाल रंगाच्या १० अँपिअर फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलीओहम असतो, म्हणून ३ मिलीव्होल्ट दिसले तर त्यातून चारशेच्या आसपास मिलीअँपिअर जात आहेत. पिवळ्या २० अँपिअरच्या फ्यूजचा रोध याहून कमी, तेव्हा त्यावर तेवढ्याच मिलीव्होल्टला करंट जास्त समजा.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर आधी संशय घ्या : म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम. त्यानंतर डिकीचा दिवा आणि चिकटून बसलेला रिले. एकाही फ्यूजमध्ये करंट सापडला नाही तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) जाड वायर बॅटरीचं निगेटिव्ह काढून सोडवा, टोकाला टेप लावा आणि पुन्हा मोजा. करंट घटला तर आतला डायोड, जो करंट एकाच दिशेने जाऊ देतो, उलट दिशेने गळतो आहे.

आणि काम झालं की लाल पिन व्होल्टच्या खाचेत परत घाला. अँपिअरच्या खाचेत पिन विसरून बॅटरीचे व्होल्ट मोजायला जाणं म्हणजे बॅटरीच्या दोन खुंट्यांवर तार टाकणंच आहे. या कामात मीटर सर्वांत जास्त याच चुकीने मरतात.

प्रश्न : अल्टरनेटरचे डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावावा असं ऐकलं. माझा पिवळा मीटर इंजिन बंद असतानाही २७ व्होल्ट दाखवतो! (चिपळूण)

बॅटरी १२ चीच आहे आणि मीटर बिघडलेला नाही. स्वस्त मीटरची एसी रेंज एका डायोडमधून अर्धी लहर घेते, तिची सरासरी काढते आणि घरच्या विजेचा आकडा बरोबर यावा म्हणून २.२२ ने गुणते. डीसी अडवायला त्यात कपॅसिटर नसतो. १२.६ ला २.२२ ने गुणा, २८ येतात. डायोडमध्ये थोडे जातात, उरलेले २७ तुम्हाला दिसले. पिना उलट्या लावा, शून्य दिसेल.

अल्टरनेटरची लहर मोजायला डीसी अडवणारा आणि एसीची लहान रेंज असलेला मीटर लागतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन २,००० आरपीएमवर, अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर मोजा. ०.५ व्होल्ट एसीहून जास्त आलं तर डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. पिवळ्या मीटरने हे होणार नाही, कारण त्याचा डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच गिळतो. त्याच्याकडून डीसी चार्जिंग तेवढं पाहून घ्या : साध्या अल्टरनेटरला १३.८ ते १४.७. नव्या गाड्यांत कंट्रोलर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे बॅटरी भरलेली असताना १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. हेडलाइट लावून आणि थोडी गाडी चालवून पुन्हा पाहा.

प्रश्न : मोटरसायकलची बॅटरी वर्षात दोनदा बदलली. मीटरने चार्जिंग कसं तपासायचं? (सोलापूर)

तिसरी बॅटरी घेण्याआधी पंधरा मिनिटं द्या. इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास ठेवून बॅटरीवर १३.५ ते १४.८ यायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) खराब आहे किंवा त्याचा अर्थ सैल आहे, आणि बॅटरीचं पाणी उकळून जात असणार. १२.५ च्या आसपासच अडकलं तर मॅग्नेटकडून (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या कॉइलकडून) येणारा प्लग सोडवा. बऱ्याच गाड्यांत त्यात एकसारख्या तीन वायरी असतात, बहुधा पिवळ्या. दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्यांत रोध सारखा आणि सहसा एक-दीड ओहमच्या आत हवा. कोणतीही वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात 'ओएल'च यायला हवं. तिथे आकडा आला तर कॉइल जळून बॉडीला टेकली. मग इंजिन सुरू करून, मीटर २०० व्होल्ट एसीवर ठेवून, प्लग सुटलेला असतानाच तिन्ही जोड्या मोजा. ४,०००-५,००० आरपीएमला कित्येक दहा व्होल्ट येतील. उघड्या पिनांना हात लावू नका. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, पण तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. इथे पिवळा मीटर पुरतो, कारण ही खरी एसी आहे आणि मोठी आहे.

तिन्ही सारखे असतील तर रेक्टिफायर. पण तो विकत घेण्याआधी प्लगच्या पिना पाहा, प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर दोष तिथेच आहे.

प्रश्न : आयटीआयला शिकतो. शिकायला स्वस्त मीटर पुरेल का महागच घ्यावा? (लातूर)

स्वस्ताने सुरुवात करा, पण त्याचा आकडा किती विश्वासाचा आहे हे माहीत असू द्या. मॅन्युअलमध्ये '±०.५ टक्के अधिक २ अंक' असं लिहिलेलं असतं. २० च्या रेंजवर १२.६० दिसलं तर टक्क्याचे ०.०६ आणि अंकांचे ०.०२, म्हणजे खरं व्होल्टेज १२.५२ ते १२.६८ मध्ये कुठेही असेल. विश्रांती घेतलेली साधी बॅटरी पूर्ण भरली की १२.६ ते १२.७, पाऊण भरली की १२.४, अर्धी की १२.२. पूर्ण आणि पाऊण यांतलं अंतर जेमतेम ०.२ आणि मीटरची सूट ०.०८. त्यामुळे दोन वेगळ्या मीटरचे शंभरावे अंक जुळवत बसू नका. एकाच मीटरने आज आणि उद्या मोजलेला फरक मात्र उपयोगी असतो.

मोजण्याआधी बॅटरीला विश्रांती हवी. गाडी नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज १३ दाखवून फसवतो.

इंजिनच्या सेन्सरांवर काम सुरू झालं की मीटर बदला. साध्या पिवळ्या मीटरचा इनपुट रोध १ मेगाओहम असतो, सेन्सरांना १० मेगाओहमचा हवा. किमान-कमाल पकडणारं बटन, दोन्ही करंट खाचांना फ्यूज आणि कॅट ३ (सुरक्षिततेची श्रेणी), ६०० व्होल्ट असा शिक्का, एवढं पाहा. बाकीची बटनं नसली तरी अडत नाही.

प्रश्न : थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. कूलंट सेन्सर मीटरने तपासता येतो का? टेस्ट लॅम्प चालेल? (अमरावती)

टेस्ट लॅम्प नको. त्याचा बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा देण्यासाठी इंजिन कंट्रोलरची वायर बनलेली नसते. प्लग काढा आणि चावी ऑन करून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांत डीसी मोजा, ५ व्होल्टच्या जवळ हवं. मग चावी बंद करून सेन्सरचा रोध घ्या. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला २ ते २.५ किलोओहम आणि ८० अंशाला सुमारे ३०० ओहम असतो. काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवलात तर आकडा एकसंध खाली येतो का तेही कळतं. मधेच उडी मारली तर सेन्सर गेला.

मीटरची जाड पिन प्लगच्या तोंडातून घुसवू नका, आतली पकड फाकते आणि नवा दोष तयार होतो. मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी घाला. वायरीचं आवरण टोचणं त्याहून वाईट : पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. टोचलंच असेल तर सिलिकॉन किंवा हीट श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद करा.

प्रश्न : ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष वाचण्याच्या सॉकेटमध्ये) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहम हवेत असं म्हणतात, ते का? (ठाणे)

कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन वायरिंगच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून ६०. १२० दिसले तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. बॅटरी सोडवूनच मोजा. या वायरींवर संदेश चालू असताना ओहमवरचा आकडा निरर्थक येतो. काही गाड्यांत या सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि आतल्या वायरिंगच्या मधला कंट्रोलर) असतो, तिथे ६० न येणं हा दोष नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक कारची मोठी बॅटरी अशीच मोजता येईल? (पुणे)

नाही. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या पॅकमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतं आणि डीसीचा कमान धरलेला जाळ एसीसारखा आपोआप विझत नाही. नारिंगी आवरणाच्या वायरींना हात लावू नका. ते काम प्रशिक्षण, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि कॅट ३, १,००० व्होल्टचा मीटर व पिना यांचं आहे. त्याच गाडीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र तुम्ही नेहमीसारखी मोजू शकता.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवा. मीटरचे आकडे उड्या मारतात, नॉब हलवला की ठीक होतात. शिवाय कधी कधी आकडे अर्धवट उमटतात. (मडगाव)

नॉब हलवून ठीक होणं म्हणजे आतल्या तांब्याच्या वर्तुळांवर ओल आणि मळ बसला आहे. पिना काढा, मग मागचं झाकण उघडा. बोर्डवरची वर्तुळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा निघतो. बाहेरून ओला फडका आणि सौम्य साबण पुरतो; थिनर किंवा पेट्रोलने आवरण आणि पडद्याची काच दोन्ही खराब होतात. अर्धवट आकडे येतात ते पडदा आणि बोर्ड यांच्यातल्या रबरी पट्टीमुळे. पट्टी आणि बोर्डची कडा त्याच अल्कोहोलने पुसून झाकणाचे स्क्रू सारखे आवळा.

खाचांमध्ये मात्र साबणाची बोळी फिरवू नका. अल्कोहोलचा कापूस फिरवा. पिनांच्या वायरी मुठीजवळ आतून तुटतात आणि बाहेरून धड दिसतात. दोन्ही टोकं टेकवून ओहमवर ठेवा आणि वायर मुठीजवळ वाकवत राहा. ०.२-०.३ वरून आकडा नाचला तर नवी जोडी घ्या.

९ व्होल्टची बॅटरी उतरल्याची खूण पडद्यावर आली की तिच्यावर आणखी एक दिवसही मोजू नका, मीटर चुकीचे आकडे दाखवू लागतो आणि तुम्ही चांगल्या गाडीत दोष शोधत राहता. पावसाळाभर मीटर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा, कारण गळलेली बॅटरी बोर्ड खाते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मीटर ठेवूच नका.

आकड्याचा भरवसा पाहायचा असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी आणि गाडीची विश्रांती घेतलेली बॅटरी, दोन्ही एखाद्या चांगल्या मीटरशेजारी ठेवून मोजा आणि दोन्ही मीटरचे आकडे तारखेसह डब्याच्या झाकणावर चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच करा. मीटरवर रोजगार अवलंबून असेल तर वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन करून घ्या.